सुमन, तुझी पाच मिनिटं

सुमन,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी बोलले नाही. साऱ्या प्रताप नगरात ही बातमी झाली आहे. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या विहारात ज्याच्या ज्याच्या फोटोला हार पडला, त्या प्रत्येकाबद्दल मी माइकवर बोललेली आहे. त्यातल्या निम्म्यांना मी धड ओळखतही नव्हते. एकदा तर एका गृहस्थाच्या नावावर भलत्याच माणसाचे गुण सांगून मोकळी झाले, आणि त्याच्या बायकोला ते इतके आवडले की तिनं दुरुस्ती केली नाही. आणि तू, माझी जाऊ, एका स्वयंपाकघरात पंचेचाळीस वर्षं माझ्यासोबत काढलेली. तुझ्या वेळी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "सुमन आमच्या घरी आली तेव्हा मी..." पुढचं वाक्य 'मी'नंच सुरू झालं. तिसरंही. तिथं माझं मलाच ऐकू आलं. माइक आपल्या महिला मंडळातल्या लीलाबाईच्या हातात दिला आणि खाली बसले.

लोक म्हणाले, बाईंना धक्का बसला. बसला तर होताच. पण त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, लाज वाटली होती. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही, आणि तू तर नाहीस.

तू आलीस तेव्हाची मी आठवते तुला? काय नग होते! तीस वर्षांची मास्तरीण, साठ पोरांच्या वर्गाला डस्टर न आपटता गप करणारी. मंडळाची सचिव. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं, त्यात माझा नंबर असला की मी दुपारपासून गळ्याला जपायची, ताक पीत नसे. पांढऱ्या साडीला कडक इस्त्री. सासूबाई म्हणायच्या, "हिले लाऊडस्पीकर कायले पाह्यजे?" मला ते कौतुक वाटायचं. किती वर्षं कौतुकच वाटत होतं, बघ.

आणि तू टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन, याचा ट्रंक कॉल त्याला जोडून दे, त्याचा याला. कोणाच्या घरी कोण वारलं, कोणाचं लग्न मोडलं, सगळं तुझ्या कानावरून जायचं आणि तुझ्या तोंडून एक अक्षर बाहेर यायचं नाही. घरी आलीस की चहाचा कप घेऊन मागच्या आंगणातल्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसायचीस. पंधरा मिनिटं. कोणाशी बोलणं नाही. मला पहिलं वर्षभर वाटलं, ही रुसते. मग वाटलं, ही आपल्याला मोजत नाही. शेवटी एक दिवस मी पदर खोचून तुझ्यापुढं उभी राहिले.

"काहून वं, रोज फुगून राहिली? काय केलं मी तुले?"

"तुम्ही काही नाही केलं, बाई. आज माझ्या हातून काय काय झालं ते पाहून राहिली."

"कुठं पाहून राहिली? समोर तर भिंत आहे."

"भिंतच बरी," तू म्हणालीस. "मधात बोलत नाही."

आणि हसलीस. मी हसले नाही. साऱ्या लेआउटमध्ये घरोघरी सांगत सुटले की नवी जाऊ शिष्ट आहे. हे तुला कळलं असणार. तू विषय काढला नाहीस, त्याचाही मला राग आला. भांडायला समोरून कोणी आलंच नाही तर माझ्यासारखीनं काय करावं?

आपलं खरं भांडण झालं ते फार पुढं, विहारात. मी वाचन संपवलं होतं. बाया नेहमीसारख्या उठून चपला शोधायला लागल्या होत्या आणि तू, मंडळाच्या कुठल्याच बैठकीत तोंड न उघडणारी तू, उभी राहिलीस.

"बाईंनी एवढं चांगलं वाचलं. आपण लगेच उठतो. उठायच्या आधी पाच मिनिटं कोणीच काही नाही बोललं तर?"

"मग काय करायचं?" कोणीतरी विचारलं.

"आज आपलं काय चुकलं, ते पाहायचं. दुसऱ्याचं नाही. आपलं."

"पाच मिनिटं पुरतील काय वं?" लीलाबाई म्हणाली, आणि सगळा विहार हसला.

मी हसले नाही. मी माझं सगळ्यात चांगलं भाषण तेव्हा केलं, आयत्या वेळी, एका दमात. म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांच्या तोंडाला कुलूप होतं. माझी आजी मालकाच्या दारात उभी राहायची ती मान खाली घालून. तिला कोणी 'बोल' म्हटलं नाही, ती बोललीही नाही. तिच्या मनात काय होतं ते तिच्यासोबतच गेलं. आपल्याला बोलता यावं म्हणून कोणी कोणी काय काय सोसलं. आता कुठं आपलं तोंड उघडलं, आणि ही म्हणते गप बसा? मी नाही बसणार गप!

टाळ्यांनी छत खाली यायचं राहिलं. तू टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिलीस.

"त्यायले दुसऱ्यानं गप बसवलं होतं, बाई," तू म्हणालीस. "इथं आपण आपल्या मर्जीनं बसून राहिलो."

तुला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण पुढच्या रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "करून तर पाहू, आपल्या बापाचं काय जाते?" म्हणजे टाळ्या मला मिळाल्या आणि पाच मिनिटं तुला. माझा मुद्दा मला आजही खोटा वाटत नाही. माझ्या आजीचं ते गप राहणं आठवलं की अजून माझ्या अंगाची आग होते. तू मला कधी हरवलं नाहीस, एवढं लक्षात ठेव. फक्त त्या मुद्द्यामागं लपून मी काय काय केलं, ते वेगळं.

पहिल्या दिवशी दुसऱ्याच मिनिटाला मीच विचारलं होतं, "झाली का पाच मिनिटं?" पुढं सवय झाली. वीस वर्षं मी तुझ्या त्या पाच मिनिटांत डोळे मिटून, मान थोडी झुकवून बसले. नव्या बायांना मला दाखवून सांगायचे, बाईंसारखं बसा. सुमन, मी त्या पाच मिनिटांत दुसऱ्या दिवशीचं भाषण रचायची. तुला माहीत होतं ना? एकदा बाहेर पडताना तू विचारलं होतंस, "आज कोणत्या परिच्छेदापर्यंत आल्या?" मी म्हटलं, "चुप वं."

आता प्रज्ञाचं.

माझ्या लेकीची ती हकीकत तुझ्या कानावरून इतक्यांदा गेली आहे की तुला पाठ असेल. मंडळात, लग्नघरी, दवाखान्याच्या रांगेत, कोणी नुसतं "प्रज्ञा कशी आहे?" म्हटलं की मी सुरू व्हायची. एकदा शेवटची इथं लिहून ठेवते, जशी सांगायची तशीच.

अकरा वर्षांपूर्वी, वर्षावास संपायला चार दिवस उरले असताना, प्रज्ञा चंद्रपूरहून न कळवता आली. लग्नाला दोन वर्षं झालेली. हातात एक बॅग. नवऱ्याशी बिनसलं होतं. घरात समारोपाची गडबड, दोनशे माणसांचं जेवण, त्यात माझं भाषण. तरी सगळं टाकून मी तिच्याजवळ बसले. कान दुखतो म्हणाली, तर तशीच उठून तेलात लसूण टाकून ते कोमट केलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानात थेंब सोडले. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षांचे दाखले दिले. चार शब्द समजुतीचे सांगितले, घाई करू नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपली आपण बॅग घेऊन निघाली. चार महिन्यांनी तिनं नवरा सोडला, पुण्याला नोकरी धरली, आणि आईला कळवलं केव्हा? सगळं झाल्यावर. इतकं करूनही लेक आईची झाली नाही. आता दर रविवारी दहा मिनिटांचा फोन. बीपी किती, गोळ्या संपल्या का, ठेवते.

'मांडीवर' या शब्दाला माझा आवाज हलायचा. पहिल्यांदा तो खराच हलला होता. नंतर तो कुठं हलवायचा ते मला ठाऊक झालं. बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि घरी परतताना, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

तू ही हकीकत कधी खोडून काढली नाहीस. एकदाच, आपण दोघी वाटाणे सोलत बसलो होतो, तू मान वर न करता म्हणालीस, "बाई, यात दरवेळेस एक वाक्य राहून जाते."

"कोणाचं?"

"प्रज्ञाचं."

"काय म्हणाली होती ती?"

"तुम्हाले म्हणाली होती. मी तर आत पोळ्या लाटून राहिली होती."

"मंग सांग न."

"तुम्ही आठवा. तुमच्या कानावर पडलं आहे ते. कुठं जाणार?"

तेव्हापासून मी तुला किती छळलं! गोडीनं विचारलं, रागानं विचारलं, तुझ्या वाढदिवशी विचारलं. आठ दिवस अबोला धरला, त्यातला पाचवा दिवस मलाच निघेना. तू काही बधली नाहीस. टेलिफोनवाली ती, तिच्याकडून कोणाचं गुपित निघणार! शेवटी मी ठरवून टाकलं की असं वाक्यच नाही. ही मला उगीच बसवायला बघते, आपल्या त्या दगडावर.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात तुझ्या पायांवरची सूज उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी अमोलला बाजूला नेऊन काय सांगितलं ते तुझ्या लेकाच्या तोंडावरूनच कळलं. मी तुझ्या खाटेजवळ बसले. तुला धीर द्यायला हवा होता. तुझा हात हातात घ्यायला हवा होता. मी काय केलं? मी म्हटलं, "सुमन, आता तरी सांग वं. तू गेली तं मले कोण सांगन?"

तू तोंडावरचा मास्क दोन बोटांनी वर केलास. "मी सांगितलं," तू म्हणालीस, दम घेतलास, "तं तुम्ही त्याची बी गोष्ट कराल, बाई."

मला इतकं लागलं ते, की मी उठून खाली गेले. कँटीनमध्ये रागानं चहा प्याले. दुसरा घेतला. वर आले तेव्हा तुझा डोळा लागला होता. सकाळी सहाला अमोलचा फोन आला.

पंचेचाळीस वर्षांत आपलं शेवटचं बोलणं हे. तू जाताना तुझी थोरली जाऊ खाली कँटीनमध्ये फुगून बसली होती. भाषणात हे कुठं बसवू?

प्रज्ञा आली. तीन दिवस राहिली. तुझ्या साड्या तिनंच आवरल्या, एक एक घडी नाकाजवळ नेऊन. माझ्याशी ती जेवढ्यास तेवढं बोलली. स्वयंपाकघरात मी दोनदा हाक मारली तर तिनं ओ दिली नाही. मी मनात म्हटलं, अकरा वर्षं झाली, अजून पोरीच्या मनातली अढी जात नाही. विहारात मंडळाच्या बायांनी तुझ्यासाठी, कोणी न सांगता, पुरी पाच मिनिटं पाळली. मी डोळे मिटले. बुंदी कमी पडेल का, एवढंच माझ्या मनात आलं. चौथ्या दिवशी प्रज्ञा पुण्याला गेली आणि घर असं रिकामं झालं की मला काय करावं कळेना. मी तुझ्या दगडावर जाऊन बसले.

कोणाला शिकवायचं म्हणून नाही, पण खरं सांगते, ते फार कंटाळवाणं काम आहे. पहिल्या दिवशी मला कुकरची रिंग आठवली, बदलायची आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी तुझा राग आला. तिसऱ्या दिवशी अमोलची पोरगी मागच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजी, तू झोपून राहिली का ध्यान करून राहिली?"

"दोन्ही जमून नाही राहिलं," मी म्हटलं.

तिनं विचार केला आणि म्हणाली, "छोटी आजी बसायची तं कशी एकटी बसायची. तू तं कोणाशी तरी बोलून राहिली असं वाटते."

पोरीनं बरोबर पकडलं होतं. मी बोलतच होते. त्या दगडावर बसून मी मनातल्या मनात तीच हकीकत सांगत होते, पहिल्यापासून, कोणीही ऐकायला नसताना. 'मांडीवर' आलं आणि माझा आवाज हलला. मनातला आवाज, सुमन! कोरड्या भिंतीपुढं! त्या दिवशी मला माझी पहिल्यांदा भीती वाटली.

त्यानंतर मी शब्द आठवायचं सोडून दिलं. शब्द सगळे माझेच होते. हात काय करत होते तेवढं बघत राहिले. वाटी गरम होती, फडक्यानं धरली होती. लसणाचा वास. तिचं डोकं मांडीवर किती जड होतं. लहानपणी नव्हतं इतकं जड. डावा कान वर. मी कापसाचा बोळा तेलात बुडवला. मग दोन दिवस पुढं काहीच येईना. तू जाऊन सोळावा दिवस होता, दुपारचे चार वाजत आले होते, शेजारच्या गच्चीवर कोणी तरी गादी झोडपत होतं. आणि ते आलं. बोळा कानाशी नेला तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं होतं. खालून, सरळ डोळ्यांत. आणि म्हणाली होती,

"आई, सर्दी नाही ही."

म्हणाली आणि थांबली. ती थांबली होती, सुमन. मी 'मग काय गं?' म्हणेन म्हणून. आता मला ते थांबणंही दिसतं, तिच्या गळ्याची शीर हललेली दिसते. आणि मी म्हटलं, "सर्दी नाही तं हवा लागली असंल. पंख्याखाली झोपत असशील." आणि बोळा पिळला. तिचं सगळं अंग आकसलं. मी म्हटलं, "लहान पोरीवानी काय करते?" आणि माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षाचा दाखला सुरू केला. त्या दिवशी मी दोन तास बोलले. तिचे ते चार शब्द. चौथ्या दिवशी समारोपात मी ज्या विषयावर बोलले, तो होता 'स्त्री आणि तिचा आवाज'. हसायचं तर हस, माझी हरकत नाही.

त्या तेलाची गोष्ट मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत होते. माझ्या मायेचा पुरावा म्हणून.

मी प्रज्ञाला फोन लावला. रविवार नव्हता, बुधवार होता, तिच्या ऑफिसची वेळ.

"काय झालं, आई? बीपी?"

"नाही. प्रज्ञा, ती सर्दी नव्हती."

पलीकडं मागं कोणीतरी हसत होतं, ते बंद झालं, ती उठून बाहेर गेली असावी. माझी जीभ टाळ्याला लागून लागून परत येत होती. अशा वेळी मी काहीही भरते, तुला माहीत आहे. हवामान, भाजीचा भाव. मी भरलं नाही.

"काकूनं सांगितलं?"

"नाही. मला आठवलं."

मग ती बोलायला लागली, बिलकूल सपाट आवाजात, बँकेच्या खात्याची माहिती द्यावी तशी. त्या वेळी त्यानं मारलं तेव्हा नुसतं दुखत होतं. डॉक्टरला दाखवलं असतं तर बरं झालं असतं. परत गेल्यावर दुसऱ्यांदा त्याच जागी लागलं, तेव्हा गेला.

"काय गेला?"

"कान, आई. डावा. नऊ वर्षं झाली, मशीन लावते. केसांत झाकून जाते, म्हणून तुला दिसलं नाही. परवा तिकडं होते तेव्हा त्यातला सेल संपला होता."

स्वयंपाकघरातल्या माझ्या दोन हाका मला आठवल्या.

"काकूकडून मीच शब्द घेतला होता," ती म्हणाली. "आईला तिचं तिला आठवलं तर ठीक, नाही तर नको. मला तू दुसऱ्याचं ऐकून रडायला नको होतीस. आणि मला न्यायला तीच आली होती ना चंद्रपूरला. चार महिन्यांनी. तुला म्हणाली होती, भंडाऱ्याला बहिणीकडं जाते."

हो. म्हणाली होतीस. दोन दिवस. मी कुरकुरले होते, ऐन थंडीत भाकरी थापायला मला एकटीला टाकून बाई चालल्या माहेरपणाला.

सुमन, आता मी तुझ्याशी भांडते. ऐकायला तू नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी भांडते.

तू माझ्या लेकीला घेऊन आलीस. मी जे करायला हवं होतं ते तू केलंस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. त्यासाठी तुझे पाय धरीन, ते आता फोटोतही दिसत नाहीत. पण अकरा वर्षं, सुमन! तू एकदा ओरडली असतीस तर? त्याच दिवशी, हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली असतीस आणि म्हणाली असतीस, बाई, तोंड बंद करा आणि पोरगी काय म्हणते ते ऐका, तर तिचा कान राहिला असता. गप बसल्यानं मला कळलं, हे कबूल. पण तू गप बसल्यानं काय झालं, तेही मांड ना. माझ्या आजीच्या गप बसण्यात आणि तुझ्या त्या दिवशीच्या गप बसण्यात काय फरक होता, ते मला सांग. तुला थोरल्या जावेपुढं बोलायचं धाडस झालं नाही, असंच ना?

हे सगळं मी त्या दगडावर बसून तुला म्हटलं, परवा. आणि म्हणता म्हणता मला आठवलं की त्या सकाळी प्रज्ञाला ऑटोत घालून बसस्टँडवर तूच सोडायला गेली होतीस. आल्यावर तू चहा घेतला नाहीस. त्या हिवाळ्यापासून तुझं तिथं बसणं पंधरा मिनिटांचं तासावर गेलं. आम्ही म्हणायचो, सुमन रिटायर झाली, तिला आता वेळ आहे.

पंचेचाळीस वर्षं मी तुला तिथं बसलेली पाहिली. तुला काय दिसतं, असं मी एकदाच विचारलं होतं, ते पहिल्या वर्षी, आणि तेही भांडायला. नंतर विचारलंच नाही. मला वाटलं तू माझ्या चुका मोजत असशील. तू तुझी ती एक सकाळ बघत होतीस का गं? रोज? एकटीच? दोघी एकाच गोष्टीच्या दोन टोकांना बसलो होतो, मधात एक स्वयंपाकघर, आणि मी आतून तुला ओरडून विचारत होते की डाळीत मीठ टाकलं का.

हे कळलं तेव्हा मी रडले. उशीर झाला तुझ्यासाठी रडायला, पण पुण्यानुमोदनात रडले असते तर ते माइकवर झालं असतं.

फोनवर शेवटी मी प्रज्ञाला विचारलं, "मी येऊ का तिकडं?"

"कशाला?"

'समजावून सांगायला' हे एकच उत्तर मी जन्मभर दिलं आहे. मी म्हटलं, "माहीत नाही."

मला वाटलं ठेवला फोन.

"ये," ती म्हणाली. "पण दोनच दिवस. आणि आई, भाषण नको."

"नाही."

"आणि बसशील ते उजव्या बाजूला बस. डावीकडून मला सगळं ऐकू येत नाही."

तिचा आवाज तेव्हाही हलला नाही. तिला कोणाला ऐकवायचं नव्हतं.

उद्या सकाळी निघते आहे, सुमन. अमोल स्टेशनवर सोडतो म्हणाला. बॅगेत दोन साड्या आणि गोळ्या आहेत. तिनं माफ करावं असं म्हणणार नाही, ते तिच्यावर ओझं होईल, एवढं मला या वीस दिवसांत कळलं आहे. मग काय म्हणायचं, ते कळलेलं नाही. पंचाहत्तर वर्षांची झाले, आजवर कुठंही गेले ती बोलायचं काय ते ठरवून गेले. या वेळी उजव्या बाजूला बसायचं, एवढंच ठरवलं आहे.